सगळेच रॉक क्रशर

अमेरिकेत इंडियानातल्या मन्सी गावी १९६३ ते १९७४ या काळात जनरल मोटर्सचे, म्हणजे जीएमचे, गाड्यांसाठीचे फोर-स्पीड गिअरबॉक्स बनत. त्यांत तीन भावंडं: एम-२०, एम-२१ आणि एम-२२. शेवटच्याचे दाते बरेच सरळ कापलेले, त्यामुळे ताकद जास्त आणि घरघरही जास्त. म्हणून तो ‘रॉक क्रशर’, दगड फोडायचं यंत्र. बनले अगदी थोडे. एम-२० मात्र ढिगाने. तरीही इथल्या कुठल्याही स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, चक्कर मारा, एम-२० विकायला बसलेला माणूस सापडणार नाही. प्रत्येकाच्या टेबलावर अस्सल रॉक क्रशर!

माझ्या १९६७च्या शेव्हेल गाडीसाठी गिअरबॉक्स हवा होता, म्हणून मी अशाच एका आजोबांसमोर उकिडवा बसलो. चिंधीने ग्रीस पुसलं. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर आकडा दिसला, ३९२५६६१. म्हणजे १९७० किंवा नंतरचा. पण बाजूच्या झाकणातून लिव्हरसाठी आटे पाडलेले खुंट बाहेर आलेले. ही तऱ्हा १९६८पर्यंतची, पुढे तिथे बोल्ट आले. पुढच्या शाफ्टला दहा स्प्लाइन, म्हणजे टोकाला कोरलेले उभे दाते, हे जुनं. मागच्या शाफ्टला नखाने मोजत गेलो तर बत्तीस, हे नवं. सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची आणि विहिरीत तिसऱ्याचा पंप!

दोष कुणाला द्यायचा? जीएमने हे भाग एकमेकांत बसतील असे बनवले, आणि पन्नास वर्षं ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने ठोकून बसवलं. काहीच कशात बसलं नसतं तर ओळख पटवणं किती सोपं झालं असतं!

“शाफ्टवर बघ, एकही खाच नाही,” आजोबा म्हणाले. खरं होतं. दोन खाचा एम-२०, एक एम-२१, बिनखाचेचा एम-२२, हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण बाहेरच्या कंपन्यांच्या बदली शाफ्टवरही खाचा नसतात, हे आजोबा सोयीस्करपणे विसरले होते.

मग खडू काढून दोन्ही शाफ्टवर खूण केली. पान्याने लिव्हर पहिल्या गिअरमध्ये ढकलला आणि बायकोला पुढचा शाफ्ट फिरवायला सांगितलं.

“शनिवारी लोक बायकोला जेवायला नेतात रे,” ती म्हणाली, पण फिरवला. मागचा शाफ्ट एक फेरा पुरा करेपर्यंत पुढचे अडीच झाले. एम-२२ असता तर सव्वादोनच्या आत आटोपलं असतं.

“आजोबा, हा एम-२० आहे.”

“असेल,” ते शांतपणे म्हणाले, “पण रॉक क्रशरमधला.”

भाव उतरला, माल पदरात पडला. आता त्या बत्तीस स्प्लाइनना जीएमच्या टर्बो ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं योक, म्हणजे मागच्या शाफ्टला जोडायचा सांधा, लागणार, असं मी बायकोला समजावत होतो, तोच आजोबांनी टेबलाखालून एक गंजकं योक काढलं.

“हे घे. अस्सल रॉक क्रशरचं आहे.”