‘विमा बंद करा, आपलाच फंड काढा’ या मेसेजबद्दल

आमच्या दाजींनी नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपची फायर पॉलिसी रिन्यू करायचं थांबवलंय, कारण काय तर व्हॉट्सअपवरचा एक मेसेज. त्यात लिहिलंय, मोठ्या कंपन्या बाहेर प्रीमियम भरतच नाहीत, स्वतःची ‘कॅप्टिव्ह’ विमा कंपनी काढतात, एसटीलाही विमा नसतो, मग २० कारखानदारांनी मिळून फंड काढा, सगळ्या पॉलिस्या बंद करा, टॅक्सही वाचेल. वाचून डोकंच फिरलं.

आधी एसटीचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ उघडून वाचा. थर्ड पार्टी विमा सक्तीचा. धंद्यासाठी नसलेल्या सरकारी गाड्या सोडल्या, तर सूट मिळू शकते ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि राज्य परिवहनच्या गाड्यांना, तीही सरकारने तसा आदेश काढला तर आणि भरपाईसाठी वेगळा फंड ठेवलेला असेल तरच. तुमच्या कारखान्याचा टेम्पो यात कुठेच बसत नाही. उद्या द्वारका सर्कलला कोणी त्याच्याखाली आलं तर दंडाचं सोडा, ट्रिब्युनल ठरवेल ती भरपाई मालकाच्या खिशातून जाणार, आणि घर विकूनही ती पुरली नाही तर ज्यांचा कर्ता माणूस गेला त्यांनी कोणाकडे बघायचं? हे असलं फॉरवर्ड करताना एकालाही सुचू नये?

आता फंड. २० जणांनी वर्षाला ५०-५० हजार टाकले तर झाले १० लाख, त्यात एक चांगलं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं) मशीनसुद्धा येत नाही, आणि आग लागली तर सगळे एकाच एमआयडीसीत शेजारी शेजारी. ही भिशी झाली, विमा नाही. शिवाय पैसे गोळा करून भरपाईची हमी द्यायची म्हणजे विम्याचाच धंदा, त्याला आयआरडीएआयची (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आणि १०० कोटींचं भांडवल लागतं.

हो, कॅप्टिव्ह असतात, बर्म्युडा, अमेरिकेतल्या व्हर्माँटला शेकड्याने आहेत आणि मोठ्या ग्रुपचे पैसे वाचतातही, तेवढं खरंय. पण बहुतेक जण नेहमीचे क्लेम स्वतःकडे ठेवतात आणि मोठ्या नुकसानासाठी रीइन्शुरन्स (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेला विमा) विकत घेतात, म्हणजे बाहेर प्रीमियम जातोच. बीपी या तेल कंपनीची कॅप्टिव्ह, ज्युपिटर बघा. २०१० ला मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या तेलविहिरीवर स्फोट झाला तेव्हा तिचं कव्हर ७० कोटी डॉलरचं, आणि बीपीचा एकूण खर्च गेला ६,५०० कोटी डॉलरच्या वर. बीपीने तो सोसला, आपलं वर्कशॉप सोसेल का?

टॅक्सचं तर उलटंच आहे, प्रीमियम धंद्याचा खर्च म्हणून धरतात, स्वतःच बाजूला काढून ठेवलेली रक्कम धरत नाहीत. प्रीमियम जड जात असेल तर एजंटकडून डिडक्टिबल वाढवून कोटेशन मागवा, लहान नुकसान आपण सोसायचं, मोठं कंपनीवर, आणि हप्ता कमी होतो.