खाली घेतलेली गाडी टायर खाणारच? एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

आधीच्या मालकाने खाली घेतलेली, म्हणजे जमिनीपासूनची उंची घटवलेली हॅचबॅक हौसेने विकत आणणाऱ्या तरुणांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. कोल्हापुरात तो शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजांपासून व्हॉट्सॲपच्या गटांपर्यंत जवळपास एकाच शब्दांत ऐकू येतो. त्याचा आशय असा : गाडी खाली घेतली की कॅम्बर येतो, म्हणजे चाके उभ्या रेषेतून कलतात, आणि टायर आतून खाल्ले जाणारच, तेव्हा अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्यावर, पैसे घालवू नयेत, गाडी कडक लागते ती स्प्रिंगमुळे, ते सोसावे किंवा टायरमधली हवा कमी ठेवून भागवावे, टायर आतून गेले की रिमवर उलटे चढवून तेवढेच पुन्हा चालवावेत, आणि आधीच्या मालकाने चालवून ‘सेट’ केलेल्या गाडीला हात लावू नये. यांपैकी प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून राहिली आहेत. परंतु त्यांवर विसंबून लोक दोन-दोन जोड टायर वाया घालवतात आणि पावसाळ्यात जीव धोक्यात घालतात. आतून झिजणारा टायर आणि खड्ड्यात आपटणारी गाडी ही बहुतेक वेळा अर्धवट सोडलेल्या कामाची लक्षणे असतात, आणि ते काम पुरे करता येते, असे माझे म्हणणे आहे.

पहिले विधान कॅम्बरविषयीचे आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करते. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीची उंची घटली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि चाकाचा वरचा भाग आत झुकतो, हे खरे आहे. मात्र त्याच वेळी टाय रॉडचाही, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचाही, कोन बदलतो, आणि तो लोअर आर्मच्या कमानीशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे टो बिघडतो, म्हणजे चाके समोर सरळ न पाहता किंचित आत किंवा बाहेर पाहू लागतात. सल्ल्यात या टोचा उल्लेखच नसतो. प्रत्येक चाक सरळ रेषेपासून केवळ ०.२ अंश वळलेले आहे असे धरले, तरी एका किलोमीटरमागे ते सुमारे साडेतीन मीटर आडवे घासले जाते, आणि १०,००० किलोमीटरमध्ये हा आडवा घास ३५ किलोमीटर होतो. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरवर हीच चूक मोजली, तर दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधील अंतरात जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक भरतो; नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. झुकलेल्या चाकाचा भार आतल्या कडेवर अधिक असतो, त्यामुळे टोची सारी घासणी त्याच कडेवर एकवटते, टायर आतून संपतो आणि दोष मात्र कॅम्बरच्या माथी जातो.

कॅम्बर एकटाच टायर खातो असे असते, तर कारखान्यातून निघालेल्या अनेक हॅचबॅकचे मागचे टायरही असेच संपले असते, कारण त्यांच्या मागच्या चाकांना मुळातच एक अंशाहून अधिक ऋण (वरून आत झुकलेला) कॅम्बर दिलेला असतो. ते टायर बरे चालतात, कारण तेथे टो मर्यादेत असतो. टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई) असलेल्या मागच्या धुरेवर गाडी खाली घेतल्याने टो-कॅम्बर फारसा बदलतही नाही. मागचा टायर एका बाजूने खाल्ला जात असेल, तर बीम वाकला आहे का किंवा हबच्या बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे का, हे आधी पाहायला हवे.

नेमके काय बिघडले आहे ते पुष्कळदा टायरच सांगतो. गाडी उभी करून, चाक पूर्ण वळवून, हाताचा तळवा नक्षीवरून आडवा एकदा आत आणि एकदा बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कानशीसारखी धार लागली, तर टो चुकला आहे. धार नाही, पण आतली कड सलग उतरती झिजली आहे, तर कॅम्बर जास्त आहे. घेरावर ठराविक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील, तर शॉकअप संपले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. ही तपासणी फुकट आहे आणि कोणतीही जुनी गाडी पसंत करण्याआधी ती करावी, कारण गाडी धुऊन-पुसून ठेवणारा विकणाराही टायरची आतली कड बदलून ठेवत नाही.

अलाइनमेंट ‘करून पाहिली, उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा क्रम चुकलेला असतो. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरे) यांतला खेळ आधी काढावा लागतो. ढिल्या सांध्यांवर लावलेला टो पहिल्या खड्ड्यात हलतो. नव्या स्प्रिंग टाकल्या असतील, तर त्या बसेपर्यंत काही दिवस गाडी चालवून मगच माप घ्यावे. एक बारकावा फार थोड्या ठिकाणी पाळला जातो : लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच आतले रबर कायमचे पिळलेले राहते, ते गाडी कडक करते आणि लवकर फाटते. उंची बदलल्यानंतर हे बोल्ट सैल करून, चाकांवर गाडीचे पूर्ण वजन असताना पुन्हा आवळायला हवेत. त्यानंतर चारही टायरांत सांगितलेली हवा भरून, स्टिअरिंग सरळ रोखून टो लावावा, आणि दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे दोन्ही आकडे छापून मागावेत. मशीनच्या पडद्यावर सारे हिरवे दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे वेगवेगळे वाचावेत, कारण दोहोंतला मोठा फरक वाकलेल्या आर्मची किंवा स्ट्रटची खूण असू शकते.

टो बरोबर लावूनही कॅम्बर खूपच उरत असेल, तर बऱ्याच गाड्यांत स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक (मध्य सरकलेला) कॅम्बर बोल्ट बसवता येतो आणि त्यातून एखादा अंश परत मिळतो. उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडर हाताशी असल्यामुळे त्याऐवजी स्ट्रटची भोके घासून लांबट करण्याचा मोह होतो. एवढ्या कुशल हातांच्या गावात हे काम असे व्हावे याचे मला वाईट वाटते. घासलेल्या भोकातला बोल्ट केवळ आवळण्याच्या जोरावर थांबतो, आणि तो सरकला की चाकाचा कोन धावत्या गाडीत बदलतो.

कडकपणा स्प्रिंगचा असतो, हे दुसरे विधान. स्प्रिंग कापली की ती कडक होते, हे गणिताने खरे आहे : कडकपणा कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून सहा वेढ्यांतून दीड वेढा कापला तर स्प्रिंग सुमारे ३३ टक्क्यांनी कडक होते. पण एवढ्याने पाठीचा कणा हादरत नाही. समजा, मूळ गाडीत चाकाला वर सरकायला ७० मिलिमीटर जागा होती आणि गाडी ४५ मिलिमीटर खाली घेतली. उरली २५. चार माणसे बसली की त्यातली बरीचशी संपते, आणि गाडी जवळजवळ बंप स्टॉपरवर टेकूनच धावू लागते. स्टॉपर हा अखेरचा धक्का झेलण्यासाठी दिलेला रबराचा किंवा फोमचा ठोकळा आहे. त्यावर सतत गाडी चालवली की प्रत्येक गतिरोधक थेट बॉडीला लागतो. त्यात जुने शॉकअप मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बनवलेले असतात, ते कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाहीत, म्हणून गाडी आधी आपटते आणि नंतर उडत राहते. गगनबावड्याच्या रस्त्याने गाडी भरून गेलेल्या माणसाला ही दोन्ही दुखणी एकदमच कळतात.

याची खातरजमा करणे सोपे आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक नायलॉनचा टाय घट्ट न आवळता बांधावा, नेहमीच्या भारासह नेहमीच्या रस्त्याने फिरून यावे आणि तो कुठवर सरकला ते पाहावे. टाय स्टॉपरपर्यंत ढकलला गेला असेल, तर दोष चाकाचा वर सरकण्याचा प्रवास संपण्याचा आहे. त्यावर कमी उंचीचे शॉकअप, त्यांना जुळणाऱ्या तयार लोअरिंग स्प्रिंग आणि त्यांच्यासाठी दिलेले आखूड स्टॉपर असा पूर्ण संच लागतो, किंवा गाडी थोडी वर घ्यावी लागते. स्टॉपर काढून टाकणे हा उपाय नव्हे. मग शॉकअप आतून धातूवर धातू आपटून फुटतो. आणि गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगविषयी कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या या परिसरात टेम्परिंग, म्हणजे तापवून पोलादाला दिलेला चिवटपणा, काय ते घराघरांत ठाऊक आहे. ते एकदा उतरले की ती स्प्रिंग असमान बसत जाते आणि तुटूही शकते. अशी स्प्रिंग दिसली तर पुढचा विचार न करता ती काढावी.

हवा कमी ठेवण्याच्या सल्ल्याला फार जागा देण्याचे कारण नाही. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा अधिक झिजतात, म्हणजे आधीच धोक्यात असलेली आतली कड आणखी लवकर जाते. शिवाय खाली घेतलेल्या गाडीला बहुधा मोठे अलॉय रिम असतात. १८५/६५ आर १५ टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतची बाजू, सुमारे १२० मिलिमीटर असते, तर २०५/४५ आर १७ ची सुमारे ९२. गाडी कडक लागण्यातला मोठा वाटा कित्येकदा या हरवलेल्या २८ मिलिमीटर रबराचा असतो. त्यातही हवा कमी केली, तर खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत चेपतो, साइडवॉलला फुगा येतो किंवा रिम वाकते. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला दाब टायर थंड असताना भरावा. टायरचे माप बदलले असेल, तर नव्या टायरची भारक्षमता पाहून तो ठरवावा. गाडी मऊ हवी असेल, तर एक इंच लहान रिम आणि उंच टायर यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा हवेशी खेळून पडत नाही.

टायर रिमवर उलटा चढवता येतो, हे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. ज्याच्या बाजूवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेले नाही, अशा टायरला ते चालते. दिशेचा बाण असेल, तर उलटा चढवून चाक गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावावे लागते. पण कारण तसेच ठेवून टायर उलटला, तर दुसरी कडही त्याच वेगाने जाते. नक्षीच्या खोबणीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत कोणतीही कड पोचली, की तो टायर संपला. उरलेल्या तीन चतुर्थांश नक्षीचा हिशेब तेथे लागू होत नाही. आतल्या कडेला तारा दिसू लागलेल्या टायरवर जुलैच्या पावसात महामार्गाला लागणे कोणीही पत्करू नये.

राहिला ‘सेट’ झालेल्या गाडीचा प्रश्न. पुण्या-मुंबईकडून विकत आलेल्या गाडीवर आधीच्या मालकाने काय केले हे सहसा कोणी लिहून देत नाही, म्हणून ती लिफ्टवर चढवूनच घ्यावी. स्प्रिंगचे टोक कापल्याची सरळ खूण, शॉकअपच्या दांड्याभोवती तेल, मडगार्डच्या आतल्या लायनरवर टायर घासल्याची चमक, सायलेन्सर आणि पुढच्या क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या पट्टीवर) आपटल्याचे ओरखडे, हे सारे पाच मिनिटांत दिसते. चाके हवेत असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल फिरत असेल, तर सौदा तेथेच थांबवावा किंवा नव्या संचाची किंमत वजा करून बोलणी करावीत. कायद्याचीही बाजू आहे : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. त्यामुळे व्यवहार ठरवताना मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि रिम मागून घ्याव्यात, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून उत्तर घ्यावे. मूळ सामान मिळाले, तर ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर रोज गाडी चालवणाऱ्याने ते एकदा बसवून पाहावे, टो लावून घ्यावा, आणि खाली घ्यायचीच असेल तर त्या मोजलेल्या, सरळ गाडीपासून पूर्ण संचानिशी सुरुवात करावी.