एकावर एकशे तीस शून्यं आणि रेणूंची निवड

जुळे सोलापुरात राहणारी माझी पुतणी यंदा बारावीला आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला, ‘गणिताने डार्विनला खोटं पाडलं’, आणि खाली विचारलं, “काका, मग उत्क्रांतीचा धडा ऑप्शनला टाकू का?” हाच मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. तिथे गप्प बसलो, आता नाही.

फॉरवर्डचा पहिला मुद्दा: १०० अमिनो आम्लांचं (ही प्रथिनाच्या साखळीतले दुवे) प्रथिन योगायोगाने जुळण्याची शक्यता एकावर एकशे तीस शून्यं इतक्यांत एक. गुणाकार बरोबर आहे. २० प्रकारची आम्लं, १०० जागा, २० चा शंभरावा घात. पैकीच्या पैकी गुण! पण हा हिशेब ठरावीक एकच प्रथिन एकाच फटक्यात तयार होण्याचा आहे, आणि असं घडलं असं कुठलाही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही.

ते म्हणतात ती रेणूंची निवड: जो रेणू जास्त भराभर आपली नक्कल करतो तो टिकतो, बाकीचे मागे पडतात. तिच्या गणिताला तीनच गोष्टी लागतात. रेणूची नक्कल व्हावी, नकलेत अधूनमधून चूक व्हावी, कच्चा माल मर्यादित असावा. समजा, एक रेणू ६० मिनिटांत दुप्पट होतो आणि चुकीतून निघालेला त्याचा भाऊबंद ५० मिनिटांत. सुरुवातीला दोघांची संख्या सारखी. दिवसभरात पहिल्याच्या २४ दुपटी होतात, दुसऱ्याच्या २८.८. म्हणजे दुसरा सुमारे २८ पट. पाच दिवसांनी? १ कोटी ६७ लाख पट. भांडं तेवढंच असल्याने संथ रेणू जवळपास हद्दपार. पुढची चूक होते ती या जिंकलेल्या रेणूत, म्हणजे खेळ पहिल्यापासून मांडावा लागत नाही. एकशे तीस शून्यांत हे कुठेच धरलेलं नाही.

दुसरा मुद्दा: निवड फक्त सजीवांत होते, रेणूंत नाही. हे १९६७ सालीच निकालात निघालंय. शास्त्रज्ञ स्पीगेलमन यांनी अमेरिकेत क्यू-बीटा विषाणूचा आरएनए (त्याची जनुकीय माहिती धरणारा साखळीसारखा रेणू), त्या रेणूची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) आणि कच्चा माल परीक्षानळीत एकत्र केला. थोड्या वेळाने त्यातला थेंब नव्या नळीत, मग त्यातला पुढच्या नळीत. ७४ वेळा असं केल्यावर उरलेला रेणू मूळच्या १७ टक्के लांबीचा होता. भराभर नक्कल होण्यासाठी जे लागत नव्हतं ते सगळं त्याने टाकून दिलं होतं. नळीत एकही पेशी नव्हती. विकर उसनं होतं, कबूल. पण २००९ मध्ये लिंकन आणि जॉइस यांनी एकमेकांना घडवणारी आरएनएची जोडी दाखवली. तिला प्रथिनाची मदत लागत नाही आणि ती तासाभरात दुप्पट होते.

तिसरा मुद्दा: ‘गणिताचं नोबेल मिळवणाऱ्या आयगेन यांनीच हे अशक्य ठरवलं.’ अहो, गणिताला नोबेल नसतं! मान्फ्रेड आयगेन यांना १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही अतिवेगवान अभिक्रियांसाठी. रेणूंच्या निवडीचं गणित त्यांनी १९७१ मध्ये मांडलं. आता, यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे चादरीवर नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाची भोकं पाडलेली कार्डं नकलेवरून नक्कल करत गेलात, तर थोड्या चुका असतील तोवर बिघडलेली बाजूला काढून फूल टिकवता येतं. फार वाढल्या की धड कार्डच उरत नाही. आयगेन यांची चूक-मर्यादा अशीच आहे. रेणूच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर धरा. अक्षरामागे शेकडा एक चूक असेल, तर शंभरेक अक्षरांपलीकडचा मजकूर टिकवणं अवघड. अचूक नकलेला विकर हवं, आणि ते विकर घडवण्याची कृती लिहायला लागणारा मजकूर त्याहून लांब! ही गाठ खरी आहे. आयगेन आणि शुस्टर यांनी १९७७ मध्ये एकमेकांना मदत करणाऱ्या रेणूंचं कडं सुचवलं, पण त्यात मदत घेणारे, देणारे नाहीत असे फुकटे रेणू घुसतात. पहिला नक्कल करणारा रेणू कसा आला, हेही पक्कं ठरलेलं नाही. पण म्हणून ‘अशक्य’ कुठून आलं?

फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय, विषाणू बदलतो ही डॉक्टरांनी घातलेली भीती आहे. हे मात्र जिवावर बेतेल. एचआयव्हीच्या आरएनएत साधारण ९,७०० अक्षरं, आणि त्याचं विकर नक्कल तपासून पाहत नाही. त्यामुळे एकाच रुग्णात विषाणूच्या असंख्य आवृत्त्या असतात आणि एखाद्या औषधाला चकवणारी त्यांत बहुधा आधीपासूनच असते. म्हणून १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं. तिन्हींना चकवायला लागणाऱ्या सगळ्या चुका एकाच आवृत्तीत एकदम व्हाव्या लागतात. फॉरवर्डवाल्याचा गुणाकार लागू पडतो तो इथे.