व्हीगन बाईचं लडाख

मुंबईत व्हीगन असायला, म्हणजे मांस-अंडीच काय, दूध-तूपही न खायला, काही म्हणजे काही लागत नाही. दादर स्टेशनबाहेर वडापाव आहे, घरी पिठलं-भाकरी, थालीपीठ, फक्त त्यावरचा लोण्याचा गोळा बाजूला ठेवायचा. ताप असलाच तर नातेवाइकांचा. माझी मावशी अजून विचारते, "दूध नको ना, मग तूप वाढू? तूप म्हणजे काय दूध थोडीच आहे!"

पण लडाखला जायचं ठरलं आणि बॅगेत कपडे कमी नि भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी जास्त असं झालं. मैत्रीण म्हणाली, ट्रेकला चाललीयेस की दुकान टाकायला? ती स्वतः अंडी-चिकन सगळं खाते, तिला काय.

लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजायचं नाव घेत नाही, मग रस्त्यावरच्या टपरीवाल्याने तरी काय करावं, तो बिचारा ऑम्लेट नाहीतर नूडल्स देतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्याला काही कामाचा नाही, तो दुधा-तुपालाही मिळतो. व्हीगनसाठी हिरव्या 'व्ही'चा वेगळा लोगो २०२२ च्या नियमांत आलाय खरा, पण श्योक नदीकाठच्या टपरीत तो शोधत बसलात तर उपाशी मराल.

आणि मटण नको म्हटलं तर तिथे कोणालाच काही वाटत नाही, लोक लगेच समजून घेतात. चहा नको म्हटलं की मात्र संपलं! होमस्टेच्या आमालेंनी, म्हणजे घरच्या आईंनी, लाकडी नळकांड्यात लोणी-मीठ घालून घुसळलेला गुरगुर चहा समोर ठेवला. मी म्हटलं, "मैं दूध नहीं लेती." त्या एकदम खूश, म्हणाल्या, "इसमें दूध नहीं है, सिर्फ मक्खन है." मावशीची सख्खी बहीणच की ही! त्यात रीत अशी की घोट घेतला की कप परत भरतात, त्यामुळे मी कपाला हातच लावला नाही आणि मैत्रीण बिचारी माझ्या वाटचं लोणीही पीत बसली. गंमत म्हणजे त्याच घरात जवाचं सत्तू होतं, वाटाणे होते, मूळ जेवण अगदी माझ्यासारखंच, पण पाहुणा आला की त्यावर लोणी पडतं. आपल्याकडे वरणभातावर तूप पडतं तसंच.

मग तुर्तुकला गेलो. हे बाल्टी लोकांचं गाव १९७१ च्या युद्धात भारतात आलं, टुरिस्टांना खुलं झालं २०१० मध्ये. तिथे कुट्टूच्या पिठाची धिरडी, अक्रोड, आणि झाडाखाली नुसता सडा पडलेले जर्दाळू. ना लोणी, ना कोणाला काही समजावणं! इतक्या दिवसांची सगळी भूक मी त्या जर्दाळूंवर काढली. धिरड्यांबरोबर आलेली दह्याची चटणी तेवढी ऐटीत मैत्रिणीकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, खारदुंग ला ही खिंड चढायच्या आधीच पोटाने बंड पुकारलं. गाडी थांबव, परत थांबव, आडोसा शोध, तिथे आडोसा म्हणजे दगड, तोही गुडघ्याएवढा. शेवटी ड्रायव्हर काळजीने म्हणाला, "दीदी, एक ही इलाज है. थोड़ा दही खा लो."

मैत्रीण खिडकीबाहेर बघून हसत होती. उरलेल्या दह्याच्या चटणीचा डबा तिच्याकडेच होता.