किरकोळ खर्च : सुकट, ४० रुपये

काल शेठनी माझ्या व्हाउचरवर लाल शाईने आडवी रेघ मारली. व्हाउचर केवढ्याचं, तर 'सुकट, ४० रुपये'. गेल्याच महिन्यात सगळ्या जिनिंगच्या भरीत पार्टीचं बिल याच माणसाने 'कामगार कल्याण' म्हणून एका सहीत पास केलं होतं. त्या बिलात नुसतं कोथिंबिरीचं पान माझ्या चाळीसपेक्षा मोठं होतं. वर मला विचारतात, "मुनीमजी, हे मांजर कुणाच्या खात्यावर टाकायचं?" आणि हमालांसमोर हसले. हसा.

मी तापीकाठच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. शंभर किलो कापसातून रुई निघते चौतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकीच. तेव्हा आमच्या आवारात सरकीचे डोंगर असतात, डोंगरात उंदीर असतात आणि उंदरांमागे मांजरं. सध्या सात आहेत. मांजरांची मला आवड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी केबिन गेटाजवळ आहे आणि मी डबा रोज एक वाजता उघडतो, एवढाच माझा गुन्हा. सातपैकी निम्मी तर इथली नाहीतच. गावातली सज्जन मंडळी पहाटे गोणीत पिल्लं घालून गेटाशी सोडून जातात. 'जिनिंगमध्ये उंदीर आहेत, पोट भरेल.' दीड महिन्याचं पिल्लू उंदीर मारतं, असं यांना कोणी सांगितलं कोण जाणे. आमच्याकडचा उंदीर त्या पिल्लाला कडेवर घेऊन फिरेल.

त्यातली एक कवडी. पांढरी, त्यावर पिवळे-काळे डाग. डागी, किडका कापूस आला की आम्ही त्याला कवडी म्हणतो, आणि ही दिसते अगदी तशी. दिवाळीनंतर ती रुईच्या ढिगात व्याली. जन्मलेल्या चारांपैकी दोन जगली. मांजर नऊ आठवड्यांत वितं आणि तिची पोर पाच-सहा महिन्यांची झाली की तीही तयार होते. हा हिशोब मी एकदा गठाणींच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडला, पुढच्या दिवाळीपर्यंतचा आकडा पाहिला आणि पान फाडून टाकलं. पिल्लं दूध सोडून खायला लागल्यावर तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारलं. डॉक्टर तरुण होते, बरे होते. म्हणाले, "सोमवारी आणा, करून देतो. फक्त रात्रीपासून पोटात काही जाऊ देऊ नका. भूल द्यायची आहे."

रविवारी संध्याकाळी केळीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले, आत सुकट ठेवलं. (हेच ते ४० रुपये.) कवडी आत गेली, मी झाकण लावलं आणि त्यानंतर रात्रभर तिने माझ्या खानदानाबद्दल जे सांगितलं ते सगळं वॉचमननेही ऐकलं.

दवाखान्यात खिडकीवर जे झालं ते थोडक्यात सांगतो. रजिस्टरमध्ये रकाने होते : पशुपालकाचं नाव, गाव, जनावर, दुधाळ की भाकड, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर. लिहिणाऱ्याने 'भाकड' लिहिलं, मग मी दोन पिल्लं आहेत म्हटल्यावर खोडून 'दुधाळ' केलं. नंबरच्या जागी रेघ मारली. माझ्या नशिबी हल्ली रेघाच आहेत.

मग बाकावर बसलो. तिथे आप्पा होते.

सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, पायाशी दुधाची किटली, समोरच्या खोड्यात त्यांची म्हैस उभी. त्यांनी क्रेटच्या फटीतून आत पाहिलं, कवडीने बाहेर पाहिलं.

"काय आनेल शे?"

"मांजर."

"दूध कितलं देस?"

मला वाटलं गंमत करताहेत. चेहरा पाहिला, तर अगदी बाजारात म्हशीची चौकशी करावी तसा. म्हटलं, "आप्पा, देत नाही. पिते."

"मंग तुमले काय फायदा?"

उंदरांचं सांगितलं. आप्पांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. "उंदीर मारस, तर मंग आजारी शे का?"

"आजारी नाही. ऑपरेशन करायचंय. पिल्लं होऊ नयेत म्हणून."

हे ऐकून आप्पा बाकावरून माझ्याकडे पूर्ण वळले. त्यांनी हाक मारून खोड्यापाशी उभ्या दोघांना बोलावलं, एक शेळीवाली बाई होती तिला बोलावलं आणि माझ्या देखत माझी ओळख करून दिली : हे भाऊ जिनिंगचे, मांजरीचं कुटुंब नियोजन करायला आलेत. शेळीवाली पदराआड हसली. आप्पा हसले नाहीत, त्यांना प्रश्न खरोखरच पडला होता. "भाऊ, मन्हा बापले अकरा पोरे व्हतात. कोनी काई बोलनं का?"

याला उत्तर काय द्यायचं? मी म्हणालो, तुमच्या वडिलांना शेती होती, हिला काय आहे. तर म्हणतात, शेती चार एकर, तीही कोरडवाहू, म्हणून तर आम्ही अकरा. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

मग त्यांनी कवडीकडे पुन्हा निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "हाऊ तं बोका शे."

आता मात्र मी सरसावलो, कारण या एका विषयात माझा अभ्यास आहे. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. काळा किंवा नारिंगी ठरवणारी गोष्ट एक्स गुणसूत्रावर असते, दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर एक्स दोन लागतात आणि बोक्याकडे साधारणपणे एकच असतो. नारिंगी रंगाचा तो जीन नेमका कोणता, हे जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये शोधून काढलं. हे सगळं मी आप्पांना, त्या दोघांना, शेळीवालीला आणि बहुधा म्हशीलाही समजावलं. चांगली पाच मिनिटं बोललो असेन. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नि ती दोन महिना पहिले व्यायनी ना?"

"हो."

"मंग हाईच सांगानं व्हतं."

सगळा बाक हसला. मी उठलो, टपरीवर चहा प्यायला गेलो. जाताना म्हणालो, "आप्पा, जरा लक्ष ठेवा." माझी चूक झाली ती इथे.

परत आलो तर किटलीचं झाकण क्रेटमध्ये, झाकणात दूध आणि दुधात कवडी. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण ही दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून पीत होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मिश्यांच्या टोकांना थेंब लोंबत होते. गेले सहा आठवडे मी तिला माझ्या डब्यातली पोळी घालतो. माझ्यासमोर तिने कधी असे कान खाली पाडले नव्हते.

"उपाशी व्हती बिचारी. मी पाजी दिधं," आप्पा म्हणाले. ज्या जनावरापासून काडीचा फायदा नाही, त्याला स्वतःच्या डेअरीच्या मापातलं पाव लिटर पाजून माणूस मोठ्या समाधानात बसला होता.

डॉक्टरांनी बोलणी मला घातली. "सांगितलं होतं ना, पोट रिकामं ठेवा? भुलीत उलटी झाली, फुप्फुसात गेली तर मांजर मरेल. पुढच्या सोमवारी आणा." आप्पा शेजारीच उभे होते. तेही माझ्याकडे 'काय हा बेजबाबदार माणूस' अशा नजरेने बघत होते. मोठ्या मांजराला दूध धड पचतही नाही, हे मला मोटरसायकलवर, गावाच्या अलीकडच्या फाट्यावर समजलं. क्रेट मी पुढे टाकीवर ठेवला होता. पँट धुवायला टाकली आहे.

आता कवडी क्रेट दिसला की सरकीच्या डोंगरावर चढून बसते. हमालांनी माझं नाव 'मांजरभाऊ' ठेवलंय. कालपासून कापूस घेऊन येणारे शेतकरीही तसंच म्हणतात आणि पावतीवर सही करताना हळूच म्याव करतात. त्यांच्या घरचे उंदीर कोण मारतं, ते विचारावंसं वाटतं. आणि रागच काढायचा तर त्या गोणीवाल्यांवर काढायला हवा. प्राण्यांच्या छळाबद्दल १९६० चा कायदा आहे, त्यात जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हासुद्धा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे पिल्लं टाकून द्यायला जास्तीत जास्त पन्नास आणि ती धरायला सुकट चाळीस. कसली जरब बसणार? पन्नास रुपयांत आमच्या तालुक्यात शेवभाजीचा रस्सासुद्धा मिळत नाही, शेव तर सोडाच.

आज दुपारी काट्यावर ट्रॅक्टर लागला. कापूस भरलेला, वर आप्पा. उतरले, माझ्या खिडकीशी आले, आधी कवडीची चौकशी केली. "पोट बरं शे का तिनं?" मी बरं आहे म्हटलं, माझ्या पँटचं सांगितलं नाही. मग ते ट्रॅक्टरकडे गेले आणि सीटखालून एक खताची गोणी काढून आणली. तोंड सुतळीने सैल बांधलेलं. गोणी आपोआप हलत होती.

"आप्पा, काय आहे?"

"तीन शेतस. तुमले आवड शे ना, म्हनीसन लई उनू."

मी काही बोलायच्या आत त्यांनी गोणी काट्याच्या मधोमध नेऊन ठेवली आणि बाजूला झाले, रीतसर वजन व्हावं म्हणून. ट्रॅक्टर अजून मागेच होता. आमचा काटा पाच किलोच्या खाली बोलत नाही. पडद्यावर शून्य होतं. आप्पा पावतीसाठी हात पुढे करून उभे होते.