रोजकीर्द चोख, ताळेबंद गायब

थॉमस जेफरसनला कोणी द्रष्टा म्हणो, कोणी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. मी हिशेब तपासून पोट भरणारा माणूस. माझ्या लेखी तो एक अत्यंत धोकादायक अशील आहे. असे अशील मी पाहिलेत. पावती एकही हरवलेली नसते, आणि आपण किती पाण्यात आहोत याचा पत्ता नसतो.

१७६७ पासून १८२६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, हा गृहस्थ रोजचा खर्च वहीत उतरवत होता. होडीवाल्याला काय दिलं, न्हाव्याला काय दिलं, दानधर्म किती, सगळं. रोजकीर्द म्हणून बघाल तर नमस्कार करावा अशी. पण खतावणी, म्हणजे खात्यांनुसार मांडलेला हिशेब? वर्षाअखेरची शिल्लक? एकूण देणं किती? त्या फंदात तो पडत नसे. रोज लिहितोय म्हणजे पैसा आपल्या ताब्यात आहे, हा समज आजही किती घरांत आहे ते मला विचारा.

आणि असा माणूस घर बांधायला निघाला. तेही व्हर्जिनियात, एका टेकडीचा माथा सपाट करून. १७६९ च्या सुमारास मॉन्टिसेलोचं काम सुरू झालं. विटा तिथेच भाजायच्या, लाकूडकाम तिथेच करायचं. मग पाच वर्षं युरोपात काढली, पॅरिसमधल्या इमारती डोक्यात बसल्या, आणि १७९६ मध्ये स्वारीने उभ्या घराचा वरचा मजला उतरवून जवळपास दुप्पट मोठं घर काढलं. वर घुमट. ते काम संपत आलं १८०९ मध्ये. मधली आठ वर्षं तो राष्ट्राध्यक्ष होता, वर्षाला २५,००० डॉलर पगार होता, तरी कर्ज वाढतच होतं. गंमत म्हणजे भव्य जिना त्याला उधळपट्टी वाटे! म्हणून त्या वाड्यातले जिने जेमतेम दोन फूट रुंद आहेत. घुमट हवा, जिन्यात काटकसर. अशी बचत करणारे घरमालक तुमच्याही ओळखीत असतील.

त्याच्या बाजूने सांगायचं तर सगळं कर्ज घराचं नव्हतं. १७७३ मध्ये सासरा वारला. जमीन आणि गुलाम वाट्याला आले, सोबत इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांचं देणंही आलं. म्हातारपणी एका मित्राच्या २०,००० डॉलरला जामीन राहिला, १८१९ च्या मंदीत मित्र बुडाला आणि बोजा याच्यावर. पाहुण्यांची रीघ होती, फ्रेंच दारूचा शौक होता. १८१५ मध्ये स्वतःचा ग्रंथसंग्रह काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, २३,९५० डॉलरला विकला, देणेकऱ्यांची थोडी तोंडं बंद केली, आणि लगेच नवी पुस्तकं घ्यायला लागला. (इथे मात्र मला त्याचा राग येत नाही.)

त्या काळात तो एकटाच असा होता असंही नाही. रॉबर्ट मॉरिसने, ज्याने स्वातंत्र्ययुद्धाचा पैसा उभा केला त्याने, फिलाडेल्फियात महाल बांधायला काढला. तो अर्धवट राहिला आणि मॉरिस देणेकऱ्यांच्या तुरुंगात गेला. जेफरसन तुरुंगात गेला नाही, कारण त्याच्याजवळ तारण होतं.

ते तारण म्हणजे माणसं. मॉन्टिसेलोच्या हिशेबात मला खरा प्रश्न इथे पडतो. १७९६ मध्ये, घर नव्याने उभं राहत होतं तेव्हाच, त्याने आपले गुलाम डच पेढीकडे गहाण टाकले. शेजारी खिळ्यांचा कारखाना होता, तिथे दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं हातोडा चालवत. घरातलं देखणं सुतारकाम करणाऱ्यांत जॉन हेमिंग्ज होता, तोही गुलाम. वहीत विटांचा खर्च सापडेल, आयरिश सुताराचा पगार सापडेल. या लोकांची मजुरी कुठल्या रकान्यात शोधायची? त्यामुळे 'त्याला घर परवडलं नाही' हे वाक्य मला अपुरं वाटतं. परवडत नव्हतंच, पण फरक दुसऱ्यांच्या नावे टाकायची सोय होती.

तो गेला तेव्हा कर्ज होतं १,०७,००० डॉलरच्या वर. जानेवारी १८२७ मध्ये त्या टेकडीवर लिलाव झाला. जाहिरातीत १३० गुलाम. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं होतं, त्यात लोहार जोसेफ फॉसेट होता. पण जोसेफची बायको एडिथ, जी राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकून आली होती, ती आणि मुलं लिलावात होती. अकरा वर्षांचा पीटर विकला गेला. त्याला सुटायला पुढे दोन दशकांहून जास्त काळ लागला. घर १८३१ मध्ये विकलं, आलेले पैसे कर्जापुढे किरकोळ. उरलेलं देणं नातू वर्षानुवर्षं फेडत राहिला.

वॉशिंग्टनच्या आसपासचे आपले मराठी लोक भारतातून आलेल्या आईवडिलांना हमखास मॉन्टिसेलोला नेतात. गाडीने दोनेक तासांचा रस्ता. घुमटाचे फोटो काढा, हरकत नाही. पण शेजारच्या मलबेरी रो या वाटेवर खिळ्यांच्या कारखान्याची जागा आहे, झोपड्यांच्या जागा आहेत. तिथे निदान अर्धा तास काढा, आणि मार्गदर्शकाला फॉसेट कुटुंबाबद्दल विचारा.