झेरॉक्स काढला म्हणून जेल? काय लावलंय हे

आमच्या वहिनी कोल्हापुरात कॉलेजवर शिकवतात. दरवर्षी पाचसहा पुस्तकांतली एकेक प्रकरणं काढून पोरांना रीडिंगचा सेट देतात, यंदा बंद. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा 'प्राध्यापकांनो सावधान' मेसेज. एक पान झेरॉक्स केलं तरी 3 वर्षं जेल, झेरॉक्सवाल्यालाही, आणि खालीच लिहिलंय 10 टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे ठरवा तरी एकदा!

3 वर्षांपर्यंतची शिक्षा 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे, मान्य. पण ती जाणूनबुजून उल्लंघन केलं तर, आणि त्याच कायद्याचं कलम 52 सांगतं की शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हे उल्लंघनच नाही. एवढी ओळ मेसेजवाल्यानं बरोबर गाळली. दिल्लीत नेमकं यावरूनच भांडण झालं होतं, 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या एका साध्या झेरॉक्सच्या दुकानावर केस घातली, असेच सेट विकतात म्हणून. डिसेंबर 2016 मध्ये हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं की टक्क्यांचं माप नाही, शिकवायला खरंच लागतं तेवढं आहे का ते बघायचं, आणि दुकानातून काढून घेतलं म्हणून फरक पडत नाही. तेवढं तपासायला केस परत हायकोर्टाच्याच एका न्यायाधीशाकडे पाठवली, तर 2017 मध्ये प्रकाशकांनीच ती मागं घेतली. मग ते 10 टक्के कुठनं आले?

पण अख्खं पुस्तक स्कॅन करून टेलिग्रामवर हजार जणांना वाटलं तर ते शिकवणं नव्हे, आणि ते करणारेही आहेत आपल्यात, माहितंय मला.

'लेखक वारला की पुस्तक सगळ्यांचं' हा समज तर धादांत खोटा. मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. आपले वि. स. खांडेकर 1976 ला गेले, म्हणजे 2036 संपेपर्यंत हक्क वारसांचे. नेटवर दिसतं ते फुकट, याला तर उत्तरसुद्धा देत नाही.

वहिनींना म्हटलं, प्रत्येक उताऱ्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, पानं लिहा, लागतील तेवढीच प्रकरणं घ्या आणि द्या सेट. त्या तयार झाल्या. आता झेरॉक्सवाला अडलाय, कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी आणा म्हणतो. त्यालाही तोच मेसेज आलाय.